पायथन आणि सी++ : सीमा कुठे आखायची

पायथन आणि सी++ जोडण्याचा प्रश्न बहुतेक प्रकल्पांत दोन वाटांनी येतो. कधी पायथनमध्ये लिहिलेलं गणित फार वेळ घेत असतं आणि त्याचा काही भाग कंपाइल होणाऱ्या भाषेत न्यायचा असतो. कधी सी किंवा सी++मधली जुनी, कसून तपासलेली लायब्ररी हाताशी असते आणि डेटावर काम करणाऱ्या मंडळींना ती आता पायथनमधून हवी असते. दोन्ही वेळा चर्चा लगेच साधनावर घसरते. सीटाइप्स घ्यायचं की पायबाइंड११, सायथन की रस्ट? माझ्या मते त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा आहे. दोन भाषांमधली सीमा कुठून जाणार, ती ओलांडून काय जाणार आणि किती वेळा जाणार, एवढं ठरलं की साधन जवळपास आपोआप ठरतं. ते न ठरवता बाइंडिंग, म्हणजे दोन भाषा जोडणारा कोड, लिहायला बसलात, तर उत्तम साधन घेऊनही प्रोग्रॅम हळू चालतो, आणि कधीतरी मध्यरात्री सर्व्हरवर कोसळतो.

ही विभागणी जुनी आहे. जॉन औस्टरहाउट यांनी १९८८मध्ये बर्कलीत टिकल ही भाषा घडवायला घेतली ती याच विचाराने : वेगवान, जड घटक सीमध्ये असावेत आणि त्यांना जोडणारी, सतत बदलणारी बाजू छोट्या स्क्रिप्टमध्ये असावी. पुढे लॉस अलामोसमध्ये डेव्हिड बीझली यांना रेणूंच्या हालचालींचं गणित करणारा सीमधला मोठा प्रोग्रॅम स्क्रिप्टमधून चालवायचा होता. प्रत्येक फंक्शनसाठी हाताने रॅपर लिहिण्याऐवजी त्यांनी रॅपर तयार करून देणारं साधनच लिहिलं. ते स्विग नावाने १९९६मध्ये बाहेर आलं. नमपाय आणि सायपायची रचनाही हीच, वर पायथन आणि खाली सी व फोर्ट्रान. पुण्याच्या एनसीआरएमधले खगोलशास्त्रज्ञ खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेनांनी टिपलेली निरीक्षणं ज्या प्रणालींत तपासतात, त्यांपैकी कासा ही एक. तिचा गाभा सी++चा आहे आणि वापरणाऱ्याचा हात लागतो तो पायथनला. कोणती निरीक्षणं खराब म्हणून वगळायची, कॅलिब्रेशन किती फेऱ्या फिरवायचं, हे दर निरीक्षणाला बदलतं, म्हणून ते स्क्रिप्टमध्ये. फूरिए रूपांतर बदलत नाही, म्हणून ते खाली.

हा निकष मला वेगाच्या निकषापेक्षाही उपयोगी वाटतो. जे वारंवार बदलणार ते वर ठेवा. जे स्थिर आहे आणि आकड्यांचे डोंगर उपसतं ते खाली जाऊ द्या.

आधी मोजा

वेळ कुठे जातो याचा अंदाज अनुभवी माणसाचाही चुकतो. पायथनसोबतच येणारा सीप्रोफाइल एकदा चालवून पाहा. प्रोग्रॅम आधीच सर्व्हरवर चालू असेल तर पाय-स्पाय हे साधन त्याला हात न लावता बाहेरून जोडता येतं, आणि लिनक्सवर तर ते सी++मधली फंक्शनंही त्याच आलेखात दाखवू शकतं. मग साधा हिशेब करा. एकूण वेळेपैकी ६० टक्के वेळ एका लूपमध्ये जात असेल, तर तो लूप शून्य वेळात आटोपला असं धरलं तरी प्रोग्रॅम अडीच पटच वेगवान होणार. उरलेले ४० टक्के जागेवरच राहतात. ते ४० टक्के डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहण्यात जात असतील, तर सी++कडे त्यावर काहीच उपाय नाही.

लूप खरोखरच दोषी निघाला तरी लगेच दुसऱ्या भाषेकडे धावू नका. यादीत शोधण्याऐवजी डिक्शनरीत शोधलं, किंवा आकड्यांचा लूप नमपायच्या एका ओळीत बसवला, तर बऱ्याचदा काम तिथेच भागतं. त्याने भागलं नाही तर नम्बा वापरून पाहा. शुद्ध आकडेमोडीच्या फंक्शनवर एक ओळ चढवली की ते चालता चालता कंपाइल होतं. बाइंडिंग लिहिणं म्हणजे बिल्डची यंत्रणा, दोन भाषांचं डीबगिंग आणि प्रत्येक प्लॅटफॉर्मसाठी वेगळी फाइल, हा सगळा संसार प्रकल्पाच्या आयुष्यभर सांभाळणं आलं. तो स्वीकारण्याइतका फायदा आकड्यांत दिसला पाहिजे.

ओलांडण्याची किंमत

पायथनमधून सी++च्या फंक्शनला हाक मारताना दरवेळी काही ठरलेलं काम होतं. पायथनची ऑब्जेक्टं तपासायची, त्यांतून सीला समजणारे आकडे काढायचे, फंक्शन चालवायचं आणि उत्तराचं पुन्हा पायथन ऑब्जेक्ट बनवायचं. साधनानुसार आणि यंत्रानुसार फरक पडतो, पण एका हाकेला १०० नॅनोसेकंद धरणं ही फार चढी रक्कम नाही. सीटाइप्समध्ये ती याहून जास्त होते. आता एक कोटी आकड्यांची बेरीज करायची आहे असं समजा. दर आकड्याला एकदा सीमा ओलांडली तर नुसत्या येण्याजाण्यात एक सेकंद गेला. सगळा ॲरे एकदाच खाली पाठवला तर पूर्ण बेरीज साधारण १० मिलिसेकंदांत होते. कामाचं स्वरूप तेच; सीमा आखण्याची जागा बदलली एवढंच.

म्हणून बाइंडिंगसाठी फंक्शन निवडताना ‘एका बिंदूचं अंतर काढ’ असं फंक्शन उघडं करू नका. ‘या सगळ्या बिंदूंची अंतरं काढ’ असं उघडं करा. लूप खाली गेला पाहिजे. जुन्या सी++ लायब्ररीत छोट्या छोट्या मेथडच असतील, तर त्या जशाच्या तशा पायथनमध्ये आणण्यापेक्षा मधे सी++मध्येच चार-सहा जाड फंक्शनं लिहा आणि तेवढीच वर आणा. पूर्ण लायब्ररीचं प्रतिबिंब पायथनमध्ये उमटवण्याचा मोह मोठा असतो. स्विगसारखी साधनं तो पुरवतातही, आणि मग शेकडो क्लासचं असं मॉड्यूल तयार होतं की ते पायथनवाल्याला परकं वाटतं आणि सी++वाल्याला बदलता येत नाही.

डेटा कोणत्या रूपात जातो हाही याच किमतीचा भाग. ६४ बिटांच्या यंत्रावर नेहमीच्या पायथनमध्ये एक दशांश संख्या २४ बाइट घेते आणि यादीत तिचा पत्ता ठेवायला आणखी ८ बाइट लागतात. एक कोटी संख्यांची यादी त्यामुळे ३२ कोटी बाइटांची होते; नमपायच्या ॲरेत त्याच संख्या ८ कोटी बाइटांत बसतात. पायबाइंड११मध्ये सी++च्या व्हेक्टरचं पायथनच्या यादीत रूपांतर एका ओळीची सोय आहे, पण ते प्रत्येक घटकाची कॉपी करतं, जाताना आणि येताना. शंभर घटकांना ते अगदी योग्य. लाखोंच्या डेटाला बफर प्रोटोकॉल वापरा. पायथनमध्ये तो पीईपी ३११८ या प्रस्तावातून आला आणि त्याचं काम एवढंच, की मेमरी कुठे आहे, घटक कोणत्या प्रकारचे आहेत आणि एका घटकापासून पुढच्यापर्यंत किती बाइटांचं अंतर आहे हे सांगायचं. कॉपी होत नाही. दोन्ही भाषा एकाच मेमरीकडे पाहतात.

त्या शेवटच्या अंतराकडे मात्र लक्ष ठेवा. नमपायमध्ये एकाआड एक घटक घेतलेला ॲरे नवी मेमरी घेत नाही. तो जुन्याच मेमरीवर दुप्पट अंतराने चालतो. तुम्ही सीला फक्त सुरुवातीचा पत्ता आणि लांबी दिलीत, तर सी सलग वाचत जातं आणि तुम्ही गाळलेले आकडेही हिशेबात घेतं. एरर येत नाही, फक्त उत्तर चुकतं. एक तर सी++मध्ये ते अंतर मानून चालायचं, नाहीतर वर पायथनमध्येच ॲरे सलग करून मग खाली पाठवायचा. प्रकारांचंही तसंच. पायबाइंड११चा नमपाय ॲरे नेहमीच्या मांडणीत पूर्णांकांचा ॲरे आनंदाने स्वीकारतो, गुपचूप दशांशांत बदललेली कॉपी करतो आणि ती तुमच्या फंक्शनला देतो. फंक्शन ॲरेत जागेवर बदल करणारं असेल तर तो बदल कॉपीत होतो आणि मूळ ॲरे तसाच राहतो. अशा फंक्शनांच्या पॅरामीटरवर रूपांतर बंद करण्याची सूचना आवर्जून लिहा. विंडोजवर नमपायचा न सांगता मिळणारा पूर्णांक २०२४मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपर्यंत ३२ बिटांचा होता, लिनक्सवर ६४. म्हणून ‘पूर्णांक’ एवढंच न म्हणता दोन्ही बाजूंनी बिटांची संख्या स्पष्ट लिहिणं शहाणपणाचं.

मराठी मजकूर ओलांडत असेल तर एक जास्तीची काळजी घ्या. ‘मराठी’ या शब्दाची लांबी पायथन ५ सांगतो, सी १५ सांगतं, कारण यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. जुन्या सी लायब्ररीत नावासाठी ३२ बाइटांची ठरलेली जागा असेल, तर शेवटचा शून्य बाइट सोडून ३१ उरतात. त्यात दहा चिन्हं पूर्ण बसतात आणि अकराव्याचा फक्त पहिला बाइट. तो तुकडा परत पायथनकडे आला की डीकोडिंगची एरर येते, तीही फक्त लांब नावांच्या बाबतीत. चाचण्या इंग्रजी नावांवर केल्या असतील तर हे कधीच दिसत नाही. चाचणीच्या डेटात लांब देवनागरी नावं घाला.

साधन कोणतं

सगळ्यात स्वस्त जोड पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. सी++चा प्रोग्रॅम स्वतंत्रपणे चालणारा असेल, एकदा डेटा घेऊन काही मिनिटं काम करत असेल आणि एक निकाल देत असेल, तर बाइंडिंग करूच नका. पायथनमधून तो वेगळी प्रोसेस म्हणून चालवा, डेटा फाइलमधून किंवा पाइपमधून द्या. तो कोसळला तरी तुमचा पायथन उभा राहतो. कंपाइलर, पायथनची आवृत्ती, मेमरीची मालकी, यातला एकही प्रश्न उरत नाही. लहान लहान हाका हजारोंनी मारायच्या असतील तेव्हाच एका प्रोसेसमध्ये येणं गरजेचं ठरतं.

सीची लायब्ररी तयार असेल आणि तिची पाच-सात फंक्शनंच हवी असतील, तर सीटाइप्स पुरतं. ते २००६च्या २.५ आवृत्तीपासून पायथनमध्येच आहे, वेगळं काही कंपाइल करावं लागत नाही. पण ते तुमच्यावर पूर्ण विश्वास टाकतं, आणि तिथेच नवखी माणसं अडकतात. एक फंक्शन सरासरी काढून दशांश संख्या परत करतं असं समजा. सीटाइप्सला फंक्शनची जाहीर केलेली रूपरेषा दिसत नाही. तुम्ही काही सांगितलं नाही तर उत्तर ‘इंट’ आहे असं ते गृहीत धरतं. नेहमीच्या इंटेल-एएमडी यंत्रांवर ६४ बिटांत पूर्णांकाचं उत्तर एका रजिस्टरमध्ये येतं आणि दशांशाचं दुसऱ्याच. सीटाइप्स पहिल्यात डोकावतं आणि तिथे जो काही जुना आकडा पडला असेल तो सरासरी म्हणून तुमच्या हातात ठेवतं. फंक्शन पॉइंटर परत करत असेल तर त्या पत्त्याचे वरचे ३२ बिट गळतात, आणि तो अर्धवट पत्ता पुन्हा सीला दिला की सेगमेंटेशन फॉल्ट. उपाय सोपा आहे : लायब्ररी उघडल्याबरोबर, एका ठिकाणी, प्रत्येक फंक्शनचे आर्गटाइप्स (पॅरामीटरांचे प्रकार) आणि रेसटाइप (उत्तराचा प्रकार) दोन्ही लिहून टाका. काही परत न करणाऱ्या फंक्शनलाही रेसटाइप लिहा. ‘हे तर चालतंय’ म्हणून एकही सोडू नका.

सीटाइप्समध्ये कॉलबॅक देत असाल तर त्या कॉलबॅकचं ऑब्जेक्ट पायथनमध्ये एखाद्या नावाला बांधून जिवंत ठेवा. नाहीतर पायथन ते कचरा म्हणून उचलतो आणि सी नंतर नसलेल्या जागी उडी मारतं. फंक्शनांची संख्या वाढली, स्ट्रक्ट आले, की सीएफएफआयकडे वळा. त्याला सीच्या हेडरमधल्या घोषणा तशाच देता येतात.

सी++चे क्लास असतील तर सीटाइप्सचा हट्ट सोडा. सी++ कंपाइलर फंक्शनांची नावं आतून बदलतो, एक्सेप्शन आणि टेम्प्लेट सीला कळत नाहीत. इथे पायबाइंड११ हे आजचं रुळलेलं उत्तर. वेंझेल याकोब यांनी ते २०१५मध्ये आणलं, आणि नव्या प्रकल्पासाठी त्यांचंच नॅनोबाइंड जास्त आटोपशीर आहे. मूळ कोड पायथनचाच असेल आणि त्यातली थोडी फंक्शनं हळूहळू वेगवान करायची असतील तर सायथन घ्या. ओळीओळीने प्रकार जाहीर करत जाता येतं. खालचा भाग नव्यानेच लिहायचा असेल आणि संघाला रस्ट येत असेल, तर मी पायओ३ आणि मॅच्युरिन ही जोडी आधी विचारात घेईन. पायडँटिकने २०२३मधल्या दुसऱ्या आवृत्तीत आपला गाभा रस्टमध्ये नेला तो याच मार्गाने. पायथनचा सी एपीआय थेट वापरून रॅपर लिहिणं शिकण्यासाठी एकदा जरूर करा, उत्पादनात टाळा. तिथे यादीतून घटक काढणारं नेहमीचं फंक्शन उसना संदर्भ देतं, यादीत घटक ठेवणारं फंक्शन तुमचा संदर्भ स्वतःकडे घेऊन टाकतं, आणि कोणतं फंक्शन काय करतं हे पाठ असल्याशिवाय गणती जुळत नाही.

मालकी कोणाची

बाइंडिंगमधले अवघड दोष बहुतेक एकाच प्रश्नाशी येऊन थांबतात : ही मेमरी मोकळी करण्याची जबाबदारी कोणाची? पायथन संदर्भांची गणती ठेवतो आणि ती शून्य झाली की ऑब्जेक्ट मोडतो. सी++मध्ये मालक कोडच्या रचनेत ठरलेला असतो. दोघांनी एकाच वस्तूवर हक्क सांगितला की ती दोनदा मोडली जाते.

जवळून पाहू. ‘जाळी’ नावाचा सी++ क्लास आहे, त्याच्या पोटात बिंदूंचा व्हेक्टर आहे आणि त्याची एक मेथड पहिल्या बिंदूचा पॉइंटर परत करते. तुम्ही ती पायबाइंड११मध्ये साध्या ओळीने बांधली. पॉइंटर परत आला की पायबाइंड११ न सांगता असं धरतं, की मालकीही पायथनकडे आली. स्क्रिप्टमध्ये बिंदू छापला जातो, आकडे बरोबर दिसतात. काही ओळींनंतर ते नाव संपतं, पायथन बिंदू मोडायला जातो, आणि जी मेमरी व्हेक्टरच्या पोटातली होती तिलाच मोकळी करण्याचा प्रयत्न होतो. प्रोग्रॅम तिथेच कोसळेल असंही नाही. तो नंतर कधीतरी, भलत्याच फंक्शनात कोसळतो आणि दोष तिसऱ्यालाच लागतो.

बांधताना ‘रेफरन्स इंटर्नल’ हे धोरण दिलं की दोन गोष्टी होतात. मालकी जाळीकडेच राहते आणि बिंदू हातात असेपर्यंत पायथन जाळीलाही मोडू देत नाही. एवढ्यानेही सगळं सुटलं असं नाही. बिंदू हातात असताना जाळीत नवे बिंदू घातले आणि व्हेक्टरने आपली जागा बदलली, तर हातातला बिंदू जुन्या, सोडून दिलेल्या जागेकडे बोट दाखवत राहतो. कोणतंही धोरण इथे वाचवत नाही. म्हणून मी लहान वस्तूंच्या बाबतीत पॉइंटर वर पाठवतच नाही. सरळ कॉपी देतो. तीन दशांशांच्या बिंदूची कॉपी करायला लागणारा वेळ या शोधाशोधीपुढे काहीच नाही. मोठे ॲरे तेवढे मेमरी वाटून घ्यावेत आणि तिथे मालक कोण हे फंक्शनच्या वर्णनात एका वाक्यात लिहावं.

चुकांचा प्रवासही सीमेवर थांबवावा लागतो. पायबाइंड११ सी++ची प्रमाणित एक्सेप्शनं पायथनच्या एक्सेप्शनांमध्ये बदलतं : चुकीच्या पॅरामीटरचा व्हॅल्यूएरर होतो, मर्यादेबाहेरच्याचा इंडेक्सएरर, बाकीच्या बहुतेकांचा रनटाइमएरर. सीटाइप्समध्ये ही सोय नाही. तिथे सी++चं एक्सेप्शन बाहेर पडू दिलंत तर पूर्ण प्रोसेस जाते. सीच्या रूपात उघड्या केलेल्या प्रत्येक फंक्शनात सगळी एक्सेप्शनं आतच पकडा आणि त्या चुकीसाठी ठरवलेला क्रमांक परत करा. त्यावरून पायथनचं एक्सेप्शन वरच्या बाजूला उभं करा. तपासणीही जमेल तितकी वरच करा. ॲरे रिकामा आहे का, दोन ॲरेंची लांबी सारखी आहे का, हे पायथनच्या दोन ओळींत कळतं आणि वापरणाऱ्याला नीट संदेश मिळतो.

लॉक आणि थ्रेड

नेहमीच्या पायथनमध्ये एका वेळी एकच थ्रेड पायथनचा कोड चालवू शकतो; त्यासाठीच्या लॉकला सगळे जीआयएल म्हणतात. सी++मधलं काम काही मिलिसेकंदांपेक्षा जास्त चालणार असेल तर त्या काळापुरतं ते लॉक सोडून द्या, म्हणजे बाकीचे थ्रेड चालू राहतील. सीटाइप्स हे आपण होऊन करतं; पायबाइंड११मध्ये ते सांगावं लागतं. लॉक सोडल्यावर पायथनच्या कोणत्याही ऑब्जेक्टला हात लावायचा नाही. लागणारे पत्ते आणि लांबी आधीच काढून ठेवा.

अडकण्याची नेहमीची जागा कॉलबॅकची आहे. मुख्य थ्रेड लॉक धरून सी++मध्ये शिरतो आणि कामकरी थ्रेड संपण्याची वाट पाहतो. कामकरी थ्रेडला प्रगती कळवायला पायथनच्या कॉलबॅकला हाक मारायची असते, त्यासाठी तो लॉक मागतो. दोघे एकमेकांची वाट पाहत बसतात. प्रोग्रॅम कोसळत नाही, नुसता थांबतो. वाट पाहण्याआधी लॉक सोडलेलं असलं की हे घडत नाही.

ऑक्टोबर २०२४मध्ये आलेल्या ३.१३ आवृत्तीपासून पायथनची जीआयएल नसलेली वेगळी बांधणीही प्रयोग म्हणून मिळू लागली. तुमचं मॉड्यूल ‘मला लॉकची गरज नाही’ असं जाहीर करत नसेल, तर ते आयात होताच तिथे लॉक पुन्हा लावलं जातं आणि तशी सूचना दिसते. घाईने ते जाहीर करू नका. तुमच्या सी++ कोडमध्ये सगळ्यांत सामाईक असलेली चल मूल्यं, म्हणजे ग्लोबल आणि स्टॅटिक, आजवर त्या लॉकच्या आधाराने सुरक्षित होती. ती एकेक करून शोधा.

उलट दिशेची जोडही ध्यानात असू द्या. सी++चा प्रोग्रॅम मुख्य आणि त्याच्या पोटात स्क्रिप्ट हवी असेल, तर पायथनपेक्षा लुआ जास्त सोयीची पडते. १९९३मध्ये रिओ दि जानेरोच्या पीयूसी विद्यापीठात ती मुळात दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये बसवण्यासाठीच घडवली गेली. रेडिसने २०१२च्या २.६ आवृत्तीपासून तीच आत घेतली आहे. फक्त एक सांभाळा : सी म्हणून कंपाइल केलेली लुआ एरर आल्यावर लाँगजंप मारते आणि वाटेतल्या सी++ ऑब्जेक्टांचे डिस्ट्रक्टर चालतच नाहीत.

दुसऱ्याच्या यंत्रावर

बाइंडिंग आपल्या यंत्रावर चालणं हे निम्मं काम. कंपाइल केलेलं मॉड्यूल प्लॅटफॉर्मला आणि पायथनच्या आवृत्तीला बांधलेलं असतं. पायथनच्या चार आवृत्त्या, लिनक्स आणि मॅक दोन्ही प्रकारच्या प्रोसेसरवर, शिवाय विंडोज, असं धरलं तर वीस वेगळी व्हील, म्हणजे बसवायला तयार पॅकेजं, होतात. ती हाताने बनवू नका. सीआयबिल्डव्हील हे साधन स्वयंचलित बिल्डमध्ये बसवा. नॅनोबाइंड पायथन ३.१२पासून, आणि पायओ३ त्याच्याही आधीपासून, स्थिर एबीआयवर बांधता येतं. मग एका प्लॅटफॉर्मला एकच व्हील पुढच्या आवृत्त्यांनाही पुरतं.

लिनक्सवर आणखी एक खोच आहे. उबुंटू २२.०४वर जीलिबसी ही सीची पायाभूत लायब्ररी २.३५ आवृत्तीची आहे, २०.०४वर २.३१. नव्यावर बांधलेलं मॉड्यूल जुन्यावर आयात करताना ‘ही आवृत्ती सापडली नाही’ म्हणून अडू शकतं. मेनीलिनक्सच्या जुन्या पायावरच्या कंटेनरमध्ये बिल्ड केलं की हा प्रश्न सुटतो. मेनीलिनक्स२०१४चा पाया सेंटओएस ७ आणि जीलिबसी २.१७ आहे. सोबत लागणाऱ्या इतर लायब्ररी व्हीलच्या पोटात घालण्याचं काम ऑडिटव्हील करतं. जुने लेख वाचून डिस्टयुटिल्सवर बिल्ड उभारू नका, ते ३.१२मध्ये पायथनमधून काढून टाकलं गेलं. सीमेक वापरणाऱ्या लायब्ररीला सायकिट-बिल्ड-कोअर चांगलं जुळतं.

मॉड्यूलची रचना दोन थरांची ठेवा. कंपाइल केलेलं मॉड्यूल अधोरेषेने सुरू होणाऱ्या खासगी नावाखाली, आणि त्यावर साध्या पायथनचा पातळ थर. वर्णनं, तपासण्या, न दिलेल्या पॅरामीटरांची मूल्यं, जुनी नावं चालू ठेवण्याची सोय, हे सगळं त्या वरच्या थरात. तिथली चूक दुरुस्त करायला कंपाइलर लागत नाही, आणि उद्या पायबाइंड११ सोडून दुसरं काही घेतलं तरी वापरणाऱ्यांना त्याचा पत्ता लागत नाही. प्रकारांची माहिती देणारी स्टब फाइलही सोबत द्या. त्याशिवाय कोड-एडिटरला कंपाइल केलेल्या मॉड्यूलमध्ये काय आहे ते दिसत नाही.

चाचण्या चालवताना फॉल्टहँडलर चालू ठेवा. तो ३.३पासून पायथनमध्येच आहे आणि प्रोसेस सेगमेंटेशन फॉल्टने गेली तर त्या क्षणी पायथनची कोणती ओळ चालू होती ते छापतो. मालकीच्या चुका पकडायला ॲड्रेस सॅनिटायझर लावून वेगळं बिल्ड करा. पायथन स्वतः त्याच्यासह बांधलेला नसतो, म्हणून लिनक्सवर सॅनिटायझरची लायब्ररी एलडी-प्रीलोडने आधी चढवावी लागते. नाहीतर आयातीलाच तक्रार येते. हे बिल्ड हळू चालतं, पण वरच्या जाळीच्या उदाहरणातली चूक ते घडल्या जागी दाखवतं, भलत्या फंक्शनात नाही.

कामाचा क्रम मी असा ठेवीन. लायब्ररीतलं एकच फंक्शन निवडा, शक्यतो एक ॲरे घेऊन एक ॲरे देणारं. ते बांधा, वरचा थर लिहा, दोन चाचण्या लिहा आणि लगेच सगळ्या प्लॅटफॉर्मांची व्हील बनवून ज्या सहकाऱ्याच्या यंत्रावर कंपाइलरच नाही त्याला बसवायला द्या. आयात होतानाच्या तक्रारी, राहून गेलेल्या लायब्ररी, विंडोजवरचा पूर्णांक, यातलं बरंचसं या पहिल्या फेरीतच बाहेर पडतं, आणि तेव्हा बदलायला एकच फंक्शन असतं. दुसरं फंक्शन त्यानंतर घ्या.